ए-तीनशे दोनमध्ये सगळं चालतं

दार उघडलं तेव्हा संचिता घागच्या एका हातात शेड कार्डांची जाडजूड चळत होती, दुसऱ्या हातात भिंती मोजायचं लेझरचं यंत्र होतं आणि डोक्यात आईने सकाळी फोनवर टाकलेलं वाक्य होतं. तिन्हींत सगळ्यात जड तेच होतं.

"पेंटसाठी आलेय," ती म्हणाली. "आत येऊ?"

दारातला माणूस कमरेच्या वर ऑफिसात होता आणि कमरेखाली घरात. म्हणजे वर इस्त्रीचा आकाशी शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. एका कानात इयरफोन, त्यातून कुणीतरी तावातावाने काहीतरी समजावत होतं. त्याने चष्मा वर सरकवला, तिच्याकडे पाहिलं, शेड कार्डांकडे पाहिलं…

"चालेल," तो म्हणाला.

संचिताच्या कपाळावर बारीकशी आठी उमटली. आज जगातला दुसरा कुठलाही शब्द तिला चालला असता. नेमका हाच नको होता.

कारण सकाळी, ती मोहन्याच्या घरून निघून रिक्षात बसते न बसते तोच, आईचा फोन आलेला. "अगं, बदलापूरहून निरोप आला. मुलगी चालेल म्हणालेत."

"चालेल म्हणजे?"

"म्हणजे होकार. दिवाळीच्या आधीच्या रविवारी सुपारी फोडायला येतो म्हणतात. तोवर तुझं काय ते सांग."

बदलापूरचा प्रीतम पाहायला आलेला तेव्हा त्याने पोहे खाताना एकदाच मान वर केलेली आणि विचारलेलं, "इथे रेंज येत नाही का?" वाईट नव्हता बिचारा. नोकरी पक्की, घर स्वतःचं, व्यसन मोबाइलचं सोडून काही नाही. जमेच्या बाजूला बरंच होतं. पण भेंडी संपली म्हटल्यावर आपण भाजीवाल्याला "बरं, गवार चालेल" म्हणतो, त्या सुरात कुणी आपल्याला पसंत करावं, हे संचिताच्या घशाखाली उतरत नव्हतं.

तर ती आत गेली. "हॉलपासून सुरुवात करू?"

"चालेल."

"हा सोफा जरा सरकवला तर?"

"चालेल." आणि त्याने इयरफोनमधल्या माणसाला "यस, यस, ॲग्रीड" म्हणत एका हाताने सोफा सरकवलासुद्धा.

संचिताने भिंती मोजल्या. खिडकीपाशी गेली तर जाळी फाटलेल्या कोपऱ्यातून आत येऊन एक पारव्यांची जोडी कट्ट्यावर बसलेली. लेझरचा लाल ठिपका नेमका एकाच्या छातीवर पडला. "सॉरी हं," ती त्याला म्हणाली. "जरा सरका. दोनच मिनिटं." पारवा सरकला नाही, मान तेवढी फिरवली. मागे काहीतरी हललं म्हणून तिने वळून पाहिलं, तर पायजम्यातला माणूस इयरफोन काढून तिच्याकडे बघत होता. तिने पाहताच त्याने तो घाईघाईने परत कानात घातला. उलटा.

हॉल झाला, पॅसेज झाला, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होती तेव्हा दाराचं लॅच वाजलं. भाजीची पिशवी घेऊन एक ठेंगणी, टापटीप बाई आत आली आणि सरकलेल्या सोफ्याला अडखळली.

"सुश्रुत! ही कोण?"

"रंगासाठी आल्यात, आत्या."

"बोलावलं कुणी?"

"मला वाटलं, तू."

"मी? मी कशाला? दादा!"

आतल्या खोलीतून पेपरची घडी घालत एक गोरेपान, वयस्क गृहस्थ बाहेर आले. "मला वाटलं मंदाने बोलावलं असेल. मी आपला आतून ऐकत होतो. मुलगी आत्मविश्वासाने बोलत होती."

नेमका तेव्हाच संचिताचा फोन वाजला. शोरूम. "मॅडम, पाचपाखाडीच्या शतायुषी सोसायटीतनं कंप्लेंट आलीय, तुम्ही अजून पोचलाच नाहीत."

"अरे, मी तर तीनशे दोनमध्येच…"

"बी विंग, मॅडम. बी!"

संचिताचे कान गरम झाले. तिने फोन ठेवला आणि पायजम्याकडे वळली. "अहो, हे ए विंग आहे?"

"हो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? मी अख्खा हॉल मोजला तुमचा!"

"तुम्ही विचारलंत ना, आत येऊ का…" तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मला चालण्यासारखं होतं."

ती शेड कार्डं गोळा करायला लागली. पण आत्यांनी – मंदाकिनी त्यांचं नाव, ठाण्याच्या पोस्टात काउंटरवर हयात गेलेली, समोरचा माणूस बोलायच्या आत त्याला किती तिकिटं हवीत ते ओळखणाऱ्या – त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली.

"थांब गं. आता आलीच आहेस तर खरं सांग. ही भिंत तुला कोणत्या रंगाची दिसते?"

संचिताने भिंतीकडे पाहिलं. खोटं बोलायची तिची आज शक्तीच नव्हती. "काकू, राग मानू नका. या भिंतीला रंग उरलेलाच नाहीये."

"आत्या म्हण. आणि तू उद्या परत ये."

"आत्या, पण बाबांना…" सुश्रुत म्हणाला.

"मला चालेल," सुश्रुतचे वडील, विश्रामराव, म्हणाले.

"आमच्याकडे सगळंच चालतं, मुली," आत्या म्हणाल्या. "पळत मात्र काही नाही."

*

संचिताचा धंद्यातला अनुभव असा, की माणसांना भिंतीचा रंग विचारला तर ती भिंतीबद्दल सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलतात. नवरा म्हणतो "तू ठरव", आणि बायकोने ठरवलं की म्हणतो "हा?" सासू म्हणते "मला काय, मी आज आहे उद्या नाही", आणि देवघराच्या भिंतीवरून आठवडाभर अबोला धरते. कुठल्या घरात कोणाचं चालतं, हे कळायला शेड कार्ड उघडून टेबलावर ठेवायचं आणि पहिलं बोट कोणाचं पडतं ते बघायचं, बस्स.

ए-तीनशे दोनमध्ये बोट कुणाचंच पडेना.

विश्रामराव कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पांढरा लावा. पांढऱ्यात सगळे रंग असतात. एका डब्यात सात रंग, याहून आणखी काय हवं माणसाला?"

"दादा, तुझ्या पांढऱ्यात मला फक्त जळमटं दिसतात," आत्या म्हणाल्या.

शेवटी संचितानेच हॉलसाठी मोतिया सुचवला. पांढऱ्याच्या इतका जवळचा, की विश्रामरावांना जिंकल्यासारखं वाटावं, आणि इतका उबदार, की आत्यांना हरल्यासारखं वाटू नये. आत्यांनी स्वतःच्या खोलीसाठी मात्र जरा इकडेतिकडे पाहून, हळू आवाजात विचारलं, "तुझ्या त्या पुस्तकात चिंतामणी आहे का गं?"

पुस्तकात चिंतामणी नव्हता. असतोच कुठे! पुस्तकात इंग्रजी समुद्रांची आणि इंग्रजी फळांची नावं. "साडी आहे का त्या रंगाची?" संचिताने विचारलं. आत्यांनी कपाटाच्या तळातून एक साडी काढली, आणि घरात पहिलं भांडण झालं.

"हा हिरवा आहे," विश्रामराव.

"निळा आहे," आत्या.

"मंदा, मी तीस वर्षं प्रकाश शिकवलाय."

"मग अंधारात का उभा आहेस? खिडकीशी ये."

संचिता सुश्रुतकडे वळली. "तुम्हाला काय दिसतं?"

"मला… दोन्ही चालेल."

"अहो, दिसायला काय चालायचंय? एक तर निळा दिसेल, नाही तर हिरवा!"

तो हसला. हसला की चष्म्याच्या मागे त्याचे डोळे बारीक व्हायचे आणि एका गालावर, फक्त एकाच, खळी पडायची. संचिताने खळीची नोंद घेतली आणि खर्चाच्या बाजूला टाकली. जमेला टाकून उपयोग काय होता?

स्वयंपाकघराच्या भिंती पिवळ्या. म्हणजे कधीकाळी असाव्यात. आता फोडणीच्या धुराने त्यांचा रंग जुन्या लोणच्यासारखा झालेला. "इथे आपण हलका शेवाळी घेऊ," संचिता म्हणाली. "डाग कमी दिसतात, थंड वाटतं."

विश्रामराव ओट्याकडे बघायला लागले. आत्या डबे सरळ करायला लागल्या. सुश्रुतने मसाल्याच्या मांडणीवर हात ठेवला, काढला.

"…चालेल," तो म्हणाला.

पण या वेळचा "चालेल" जरा उशिरा आला होता. एखादी पायरी चुकल्यासारखा. संचिताने तो ऐकला, आणि शेड कार्ड मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला. "मी सुश्रुत. ए विंग… ते, किचनचं. तो पिवळा आहे ना, तो… राहू दे का?"

"राहू दे का, की राहू दे?"

"राहू दे," तो म्हणाला.

"हे बघा," संचिता म्हणाली, "आलं की तोंडातून!"

पण कुठला पिवळा राहू द्यायचा, हा प्रश्न होताच. धुराचा, की मूळचा? ती पुन्हा गेली. सुश्रुतने भिंतीवरची मसाल्याची मांडणी उतरवली, आणि तिच्या मागून झळझळीत केतकी रंगाचा एक चौकोन बाहेर पडला. उन्हाचा तुकडा कुणी विसरून गेल्यासारखा. तो बघतच राहिला.

"असा होता?" तो पुटपुटला. "मी विसरूनच गेलो."

"अस्साच भडक होता," मागून आत्या म्हणाल्या. "वहिनीने आणला तेव्हा दादा म्हणाला, हे स्वयंपाकघर आहे की टॅक्सीचं टप? ती म्हणाली, मला हवाय. संपलं." त्या ओट्याचा कोपरा पदराने उगाच पुसत राहिल्या. "ती गेली तेव्हा हा कॉलेजात होता. नंतर आम्ही तिघं एकमेकांना त्रास नको म्हणून… काय करू आज, पिठलं? चालेल. गावाला जायचं का? चालेल. असं करता करता घरातनं 'हवंय' हा शब्दच गेला बघ."

संचिताने नखाने त्या केतकी चौकोनाचा कपचा काढला, तळहातावर घेतला. भिंतीपुढे उभं राहून सांत्वन करायची तिला सवय नव्हती. ती एवढंच म्हणाली, "हाच मिळेल. हुबेहूब. मी बघते."

सुश्रुतने तिच्या तळहाताकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "मी पण येतो बघायला," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं तरी.

*

त्याचं पंप बनवणाऱ्या कंपनीतलं ऑफिस आणि तिचं शोरूम, दोन्ही वागळे इस्टेटमध्ये निघाले. मधे दोन गल्ल्या, एक गॅरेज आणि एक ज्यूस सेंटर. शोरूममधल्या यंत्राने कपच्याचा रंग ओळखला, डब्यात थेंब थेंब रंग पडला, डबा गदगदा हलला. झाकण उघडलं तेव्हा आत बरोब्बर ती केतकी होती. सुश्रुत एखाद्या लहान मुलासारखा खूश झाला. "काही घेऊया?" त्याने विचारलं.

ज्यूस सेंटरवर संचिता म्हणाली, "काय घेणार?"

"काहीही चालेल."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग ज्यूसवाल्याकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "भैया, एक मोसंबी. और साहब के लिए करेला. बडा ग्लास."

हिरवागार ग्लास आला. सुश्रुतने एक घोट घेतला. त्याच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. पण पठ्ठ्याने ग्लास संपवला, घोटाघोटाने, शेवटपर्यंत.

"कसा होता?"

"चाल…"

"खरं सांगा."

"भयंकर," तो म्हणाला. "भयंकर होता. आयुष्यात याहून वाईट काही प्यायलो नाही."

संचिता इतकी हसली की मोसंबीचा ठसका लागला. "बघा, जमतंय की! आता सांगा, काय हवं होतं?"

त्याने तिच्या ग्लासकडे बोट दाखवलं. तिने अर्धा उरलेला ग्लास पुढे सरकवला. सरकवल्यावर तिच्या लक्षात आलं की स्ट्रॉ एकच आहे. त्याच्याही लक्षात आलं. मग दोघांनी एकाच वेळी गॅरेजमधल्या एका नादुरुस्त टेम्पोकडे फार लक्ष देऊन पाहिलं.

त्यानंतर परतीचा पाऊस आला. दुपारी ऊन, संध्याकाळी आभाळ फाटल्यासारखा. भिंती ओल धरायला लागल्या. पंढरी पेंटर चाळीस वर्षांच्या अनुभवाचा गडी, तो म्हणाला, "मॅडम, पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा मारायचा नाय. फुगे येतात." वेळापत्रक लांबलं, संचिताच्या फेऱ्या वाढल्या. फेऱ्या पावसामुळे वाढल्या, असं तिने शोरूममध्ये सांगितलं. शोरूमने विश्वास ठेवला. तिने स्वतः ठेवला नाही.

हॉल मोतिया झाला. आत्यांची खोली चिंतामणी झाली. सकाळी निळी, संध्याकाळी हिरवी, त्यामुळे बहीणभावांना दिवसातून दोनदा जिंकता यायला लागलं. स्वयंपाकघर तर असं उजळलं, की विश्रामराव गॅस न पेटवता तिथे नुसतेच जाऊन उभे राहायचे. संचिता आली की आत्या चहा टाकायच्या, सुश्रुत बिस्किटांचा डबा उघडायचा, आणि कुठली द्यायची याचा विचार करत उभा राहायचा. एकदा तो न विचारताच म्हणाला, "मला नानकटाई हवी." आत्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून आधी त्याच्याकडे, मग संचिताकडे पाहिलं, आणि चहात एक चमचा साखर जास्त पडली.

राहिली फक्त त्याची खोली.

"साहेब, तुमच्या रूमला काय?" पंढरी रोज विचारायचा.

"काहीही चा…" सुश्रुत दारात उभ्या संचिताकडे बघून थांबायचा. "सांगतो."

"त्या खोलीला पुट्टी, प्रायमर मारून थांबा," संचिताने पंढरीला बजावलं. "मी रंग सुचवणार नाही. ज्याची खोली त्याने सांगायचं."

खोली कोरी राहिली. आणि रविवार जवळ आला.

घरी आई सरोज रोज विचारत होती. "अगं, त्यांना काय सांगू? मुलगा चांगला आहे. अजून काय बघायचं असतं?" संचिताला उत्तर देता येत नव्हतं. एका बाजूला एक मुलगा, ज्याला ती चालणार होती. दुसऱ्या बाजूला एक मुलगा, ज्याला सगळंच चालत होतं. हिशोब कसाही मांडला तरी तळाशी तेच. तिला कुणाच्या तरी तोंडून दुसरा शब्द ऐकायचा होता. एकदाच. तो न ऐकता सुपारी फुटली, तर जन्मभर आपण गवारच राहू, असं तिला आतून वाटत होतं.

शुक्रवारी ती शेवटच्या पाहणीला गेली. पंढरीने सामान आवरलं होतं, पत्र्याचे डबे दाराशी रचले होते. बाहेर बारीक पाऊस. सुश्रुतच्या कोऱ्या खोलीत प्रायमरचा वास होता, खिडकीच्या कट्ट्यावर तीच पारव्यांची जोडी पंख फुलवून बसलेली.

"तुमची खोली तेवढी राहिली," ती म्हणाली.

"हो."

"मी आता येणार नाही. म्हणजे काम संपलं ना."

"हो…" त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. तो आणखीच धुरकट झाला होता.

संचिताने शेड कार्डं छातीशी धरली. बोलायचं नाही असं ठरवून आलेली, तरी बोललीच. "रविवारी आमच्याकडे पाहुणे येणारेत. बदलापूरचे. सुपारी फोडायला."

"कुणाची?"

"माझी, आणखी कुणाची? मुलगा बरा आहे. त्यांनी सांगितलंय, मुलगी चालेल. घरचे म्हणतात, तू पण हो म्हण." ती खिडकीकडे बघत होती. "तर मी म्हटलं, तुम्हाला विचारावं. तुमच्याइतका या शब्दाचा अनुभव दुसऱ्या कुणाला असणार? काय करू? हो म्हणू? चालेल?"

पाऊस कट्ट्यावर टपटपत राहिला. स्वयंपाकघरात आत्यांच्या भांड्यांचा आवाज अचानक थांबला.

"नाही," सुश्रुत म्हणाला.

"काय नाही?"

"नाही चालणार."

आवाज बारीक होता, पण कोऱ्या भिंतींनी तो नीट परत दिला. त्याचा त्यालाच इतका धक्का बसला, की पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, करून बघितल्यासारखा तो म्हणाला, "मला अजिबात नाही चालणार."

संचिताच्या छातीत काहीतरी गदगदा हललं, त्या रंगाच्या डब्यासारखं. पण ती घाग होती. अर्ध्यावर सोडून देणं तिच्यात नव्हतं. "काय चालणार नाही ते कळलं," ती म्हणाली. "हवं काय, ते सांगा."

"पारवा."

"आँ?"

"खोलीला. पारवा रंग हवा." तो भराभर बोलायला लागला, इतक्या दिवसांचं तुंबलेलं असावं. "पहिल्या दिवशी तुम्ही त्याला सॉरी म्हणालात. लेझर लागलं म्हणून. या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना हाकलतात, बाबा तर काठी ठेवून आहेत. मी मीटिंगमध्ये होतो, काय बोलत होते एक अक्षर आठवत नाही. मला तेव्हाच… तुम्हाला बी विंगला जायचंय हे मला दहा मिनिटांत कळलेलं. तुमच्या मापांच्या कागदावर लिहिलेलं दिसलं."

"आणि तरी मला पॅसेजही मोजू दिलात?"

"तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं."

तिने कट्ट्याकडे पाहिलं. "पारव्याच्या पाठीवरचा की मानेवरचा?" तिने विचारलं.

"मानेवरचा."

"तो डब्यात मिळत नाही. हिरवा धरावा तर जांभळा होतो. त्याला एकावर एक दोन वेगळे हात मारावे लागतात."

सुश्रुतने आपला हात पुढे केला. तळव्यावर प्रायमरचा पांढरा डाग होता. "हा एक," तो म्हणाला. "दुसरा… तुझा हवाय. तू हवी आहेस, संचिता."

तिने शेड कार्डं खाली ठेवली. ती घसरून जमिनीवर पसरली, जगातले सगळे रंग पायाशी, आणि दोघांपैकी कुणीही खाली पाहिलं नाही. तिचा हात त्याच्या हातात गेला तेव्हा गार होता. मग राहिला नाही.

"मी बोललो नसतो तर?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"माहीत नाही रे," ती म्हणाली. ते अगदी खरं होतं. "कारल्याचा ज्यूस समजून प्यायले असते बहुतेक."

"दादा," स्वयंपाकघरातून आत्यांचा आवाज आला, दबका, पण पोस्टाच्या काउंटरवर कमावलेला, "रविवारी कुठे जाऊ नकोस. आपल्याला मोहन्याला जायचंय."

"चालेल," विश्रामराव म्हणाले.

*

रविवारचा शिरा फुकट गेला नाही. खाणारे तेवढे बदलले. शनिवारी सरोजने बदलापूरला नकार कळवला, दिवसभर लेकीशी बोलली नाही, आणि संध्याकाळी अचानक विचारलं, "ती ठाण्याची माणसं… आपलं मासे-मटण त्यांना चालेल का गं?"

"आई, हा शब्द नको," संचिता म्हणाली.

मोहन्याच्या त्या दोन खोल्यांत विश्रामराव आणि संचिताचे वडील नाथा घाग शेजारी शेजारी बसले. एकाने जन्मभर फळ्यासमोर उभं राहून काढलेला, दुसऱ्याने जन्मभर कारखान्याच्या तीन पाळ्यांत. मग विश्रामरावांनी पारव्यांचा विषय काढला, नाथा घागांनी आपल्या गॅलरीतली घाण दाखवली, आणि दोन घरांची मैत्री झाली.

"आमच्या भिंतींकडे बघू नका हं," सरोज शिरा वाढत म्हणाली. "पोरगी लोकांची घरं रंगवते."

"आमचंही तिनेच रंगवलंय," आत्या म्हणाल्या. "आणि खाण्यापिण्याचं म्हणाल, तर सुश्रुत बाहेर सगळं खातो. आम्हाला ते माहीत नाही असं त्याला वाटतं."

सुश्रुतला शिऱ्याचा ठसका लागला.

शेवटी नाथा घागांनी घसा खाकरला, गुडघ्यांवर हात ठेवले. विचारायचं ते विचारायलाच हवं होतं. "मग… मुलगी पसंत आहे म्हणायची ना तुम्हाला?"

विश्रामराव प्रसन्न हसले. "आम्हाला काय, आम्हाला चाले…"

"बाबा!"

वडिलांचं वाक्य सुश्रुतने जन्मात पहिल्यांदा तोडलं होतं. तो उभाच राहिला. मांडीवरची बशी कशीबशी सावरली. "चालेल नाही," तो म्हणाला. कान लाल झालेले, चष्मा घसरलेला. "हवी आहे. आम्हाला… मला, संचिता हवी आहे."

सरोजचा डाव शिऱ्याच्या पातेल्यावर थांबला. मग तिने डोळे पुसले, वाफ गेल्याचं निमित्त करून, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या लेकीकडे वळली. "आणि गं, तुझं काय?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. संचिताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. सुश्रुतकडे पाहिलं, नाकावरच्या त्या चष्म्याकडे, हातातल्या कलत्या बशीकडे. एवढी चांगली संधी आयुष्यात पुन्हा येणार नव्हती.

"चालेल," ती म्हणाली.

सुश्रुतचा चेहरा ओल्या पुट्टीसारखा घसरला. तिने तो घसरू दिला. अगदी खालपर्यंत, खळी पुसली जाईपर्यंत. मग जवळून जाताना, त्याच्या हातातली बशी सरळ करता करता, ओठ न हलवल्यासारखं करून ती म्हणाली, "हवा आहेस."

त्याच्या एकट्याला ऐकू जावं इतकंच हळू.

"मोठ्याने बोल गं," कोपऱ्यातून आत्या म्हणाल्या. "दादाला कमी ऐकू येतं."